जरी आणि तरी

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून आलं ते २००० साली. १९७८च्या जूनमध्ये मी पाचवीत गेलो. नाउन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद, अशा आठही शब्दजाती आम्ही घडाघडा म्हणायचो. त्या कशासाठी, ते आठवीत बाई आल्यावर कळलं.

पहिल्याच चाचणीत मी लिहिलं होतं, 'दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.' बाईंनी फळ्याजवळ बोलावलं. "लिहिताना मनात मराठीत काय होतं?"

"जरी तो गरीब असला, तरी प्रामाणिक आहे."

त्यांनी 'जरी' आणि 'तरी'खाली रेघ ओढली. आपल्याला इथे उभयान्वयी अव्ययांची जोडी लागते, इंग्रजीला एकावर भागतं. 'बट' पुसला, वाक्य नीट झालं.

मग प्रत्येक चुकीमागचं मराठी शोधायचा नादच लागला. 'डिस्कस अबाउट' का? आपण विषया'बद्दल' चर्चा करतो म्हणून. डिस्कसला मात्र थेट कर्म लागतं. 'मॅरिड विथ'मधला 'विथ' आपल्या 'तिच्याशी'तला.

सगळ्यांत मला भावलं ते 'शी सिंग्ज गुड'. 'ती चांगली गाते' यात 'चांगली' हा शब्द गाण्याविषयी सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं. पण रूप विशेषणासारखं बदलतं: तो चांगला गातो, ती चांगली गाते. आम्ही त्या रूपाला फसायचो. बाई म्हणत, "शब्द कुणाबद्दल बोलतोय ते विचारा." मुलीबद्दल असेल तर गुड, गाण्याबद्दल असेल तर वेल. माझं मराठी व्याकरणही खरं तर त्याच तासाला पक्कं झालं.

आर्टिकलचं वेगळं. ती मराठीत नाहीतच, तेव्हा मागे शोधणार काय? तिथे बाई कानावर भर देत. 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी': स्पेलिंग नव्हे, उच्चार बघायचा. त्यासाठी रोज पानभर मोठ्याने वाचून घेत.

पुढे नोकरीत वर्षानुवर्षं इंग्रजी पत्रांचे मसुदे केले. 'अबाउट' लिहिला की हात थांबतो, हा आपल्या 'बद्दल'मधून तर आला नाही ना, ते बघतो.

बाईंनी आमच्याकडून एक वही करून घेतली होती. डावीकडे मनातलं मराठी, उजवीकडे चुकलेलं इंग्रजी, खाली दुरुस्ती. माझी वही अजून शाबूत आहे. सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवायला ती या मजकुरासोबत शाळेकडे देत आहे. पहिल्या पानावर जरी-तरी आहे, रेघ बाईंच्या हातची.