वॉरंटी मशीनची, डेटा आपला

बेळगावात शहापूर भागात माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, मंडळांची पावती-पुस्तकं आणि जुलै-ऑगस्टात पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकायच्या असतात, त्यामुळे सगळ्यांना एकदमच घाई. नेमक्या त्याच दिवसांत लॅपटॉपचा स्क्रीन काळा पडला. पंखा फिरत होता, कीबोर्डचा दिवा लागत होता, दिसत मात्र काहीच नव्हतं.

बिलाप्रमाणे वॉरंटी बाकी होती. कंपनीच्या साइटवर ती संपलेली दिसत होती, कारण तिथे माल कंपनीतून निघाल्याची तारीख धरली होती. बिल पाठवल्यावर तारीख दुरुस्त झाली. मात्र बिलावर सिरीयल नंबर छापलेला लागतो. माझं बिल कोल्हापूरचं, म्हणजे जीएसटी नंबर महाराष्ट्राच्या 27 ने सुरू होणारा, आणि मी राहतो 29 च्या राज्यात, कर्नाटकात. सीमाभागातल्या माणसाला अशा वेळी उगाच धाकधूक होते. वॉरंटी देशभराची होती, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या पोरानं ‘बिल ऐतेन्री?’ (बिल आहे का?) एवढंच कन्नडमध्ये विचारलं. निपाणीच्या मित्राची तऱ्हा वेगळी. त्याला कोल्हापूर 40 किलोमीटरच्या आसपास, पण 591 चा पिन टाकला की त्याची तक्रार बेळगावच्या सेंटरला जाते.

मशीन नेऊन देण्याआधी मी घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबल जोडली. विंडोज आणि पी ही बटणं दाबल्यावर टीव्हीवर डेस्कटॉप उमटला. म्हणजे डिस्क धडधाकट होती. स्क्रीन गेला म्हणजे सगळं गेलं असं समजून लोक मशीन तसंच देऊन टाकतात, त्याचं मला नवल वाटतं. जॉबशीटवर, म्हणजे मशीन जमा करतानाच्या सेंटरच्या कागदावर, बारीक अक्षरांत लिहिलेलंच असतं की डेटाची जबाबदारी ग्राहकाची. डिस्क वॉरंटीत बदलली तर जुनी सहसा कंपनीकडेच जाते.

कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाइली एक्स्टर्नल डिस्कवर घेणं सोपं होतं. खरी मेख फॉन्टची. आमच्याकडच्या कितीतरी पत्रिका अजून युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारखी अक्षरं दिसायच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसेल तर ‘शुभविवाह’ उघडल्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. कन्नड मजकुराचीही तीच गत. म्हणून फॉन्टचं फोल्डर वेगळं उचललं. पेन ड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, हेही ध्यानात ठेवावं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून पाहिली आणि भाच्याच्या कॉम्प्युटरवर दोन-तीन जुने अहवाल उघडले. उघडून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं मी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाची. हल्लीच्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते, आपल्याला पत्ताही नसतो. किल्ली मदरबोर्डवरच्या चिपशी बांधलेली. मदरबोर्ड बदलला की निळा पडदा येतो आणि 48 आकडी रिकव्हरी की मागतो. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसच्या पानावर सापडते. मी ती कागदावर उतरवून घेतली, सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आणि शेजारी की-आयडी, म्हणजे ती की ओळखायची खूण, तीही लिहून ठेवली. शिवाय इंजिनिअरसाठी वेगळं खातं उघडून ठेवलं. माझा पासवर्ड जॉबशीटवर का लिहायचा?

काउंटरवर त्यांनी टॉर्च मारून मशीनच्या कडा तपासल्या. ओल किंवा आपटल्याची खूण दिसली तर वॉरंटी नाकारतात. झाकणावरचा एक जुना ओरखडा मी स्वतःहून जॉबशीटवर लिहायला लावला, चार्जर ठेवला नाही तेही.

आधी डिस्प्ले बदलला, फरक नाही. मग मदरबोर्ड मागवला, त्यात बराच वेळ गेला. तोवर अहवाल भाच्याच्या मशीनवर पुरे केले. एके दिवशी इंजिनिअरचा फोन, ‘सर, निळा स्क्रीन आलाय, लॉक मागतोय. फॉरमॅट मारू काय?’ मी म्हटलं, ‘हात लावू नका, येतोय मी.’ कागद घेऊन गेलो, स्क्रीनवरच्या आयडीशी ताडून आकडे स्वतः टाकले. सगळं जागच्या जागी होतं.

सही करण्याआधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग, उघडायला सांगितलं. नव्या मदरबोर्डात सिरीयल नंबरची जागा रिकामी होती. तसंच घरी नेलं असतं तर पुढच्या तक्रारीला कंपनीच्या सिस्टीमनं मशीन ओळखलंच नसतं. ‘त्यानं काय होतंय सर, चालतंय की,’ म्हणत तो जरा कुरकुरला. पण पेन ड्राइव्ह लावून नंबर भरला. तळाच्या स्टिकरशी तो जुळल्यावर मी जॉबशीटवर सही केली.