हृदयाच्या स्नायूला सूज आली, आता पुढे काय?

मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूची सूज, हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकला की घरचे लोक सगळ्यात आधी मोबाईल काढतात आणि यातून किती टक्के लोक वाचतात ते शोधतात, आणि मग जे आकडे समोर येतात ते एकमेकांशी इतके न जुळणारे असतात की माणूस अजूनच घाबरतो. एकीकडे लिहिलेलं असतं की बहुतेक जण पूर्ण बरे होतात, दुसरीकडे असतं की चार-पाच वर्षांत निम्म्याहून जास्त पेशंट गेले. मी बरीच वर्षं इको टेक्निशियन म्हणून काम करतेय, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करते. रिपोर्ट समजावून सांगायचं काम डॉक्टरांचं, पण प्रोब हातात धरून बसलेलं माणूस समोर दिसतं म्हणून "बरा होईल ना?" हे लोक मलाच विचारतात. त्या वेळी मला दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ते दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते वेगवेगळ्या पेशंटचे आहेत, आणि आपला पेशंट त्यातला कुठला याचा बऱ्यापैकी अंदाज पहिल्या एक-दोन दिवसांतच येतो.

आजार थोडक्यात सांगते. बहुतेक वेळा आधी व्हायरसचं काहीतरी होऊन गेलेलं असतं, ताप, घसा, जुलाब, असं साधंच. कॉक्सॅकी, पार्व्हो, फ्लू, कोविड अशी बरीच नावं आहेत. काही दिवसांनी छातीत दुखतं, ईसीजी बदलतो, ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन, वाढतं, सगळ्यांना वाटतं हार्ट ॲटॅक आलाय आणि अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या एकदम साफ. स्नायूचं नुकसान थोडं व्हायरस करतो आणि बरंचसं आपलीच प्रतिकारशक्ती करते, म्हणजे व्हायरसला मारता मारता ती हृदयाच्या पेशींवरही तुटून पडते. पेशंट बरेचदा तरुण असतो, काल-परवापर्यंत धडधाकट असलेला, आणि त्यामुळे घरच्यांना ते पटतच नाही.

आता आकडे. निम्म्याहून जास्त गेले असं जे वाचायला मिळतं ते १९९५ साली आलेल्या एका अमेरिकन ट्रायलमधून येतं. १११ पेशंट होते, प्रश्न असा होता की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन फायदा होतो का, तर झाला नाही, आणि एकूण पेशंटपैकी २० टक्के एका वर्षात आणि ५६ टक्के साधारण सव्वाचार वर्षांत दगावले. वाचून पोटात गोळा येतो. पण त्या ट्रायलमध्ये घेतले कोणाला ते बघा ना, बायोप्सीत, म्हणजे हृदयाचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, सूज सिद्ध झालेली आणि हृदयाचं पंपिंग, म्हणजे इएफ, ४५ टक्क्यांच्याही खाली गेलेलं असेच पेशंट त्यात होते. नॉर्मल इएफ साधारण ५५ ते ७० असतो. शिवाय हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा ताण कमी करणारी औषधं, द्यायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती आणि आज मिळणारी बाकीची औषधंही नव्हती. छातीत दुखलं, ट्रोपोनिन वाढलं पण पंपिंग ठणठणीत आहे असा पेशंट त्या आकड्यात मुळात नाहीच.

त्याच्या शेजारी २०१८ साली आलेली इटलीतल्या लोम्बार्डीची रजिस्ट्री, म्हणजे पेशंटच्या नोंदींचा अभ्यास, ठेवा. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात उपयोगी अभ्यास हाच. ४४३ पेशंट, आणि निदान बायोप्सीने किंवा ट्रोपोनिन आणि एमआरआयवरून केलेलं, त्यामुळे सौम्य आजारवालेही त्यात आले. त्यांनी पेशंटचे सरळ दोन गट केले. दाखल होताना इएफ ५० च्या खाली, किंवा खालच्या कप्प्यातून येणारे धोक्याचे वेगवान ठोके, किंवा बीपी टिकत नाहीये, यातलं काहीही असेल तर गुंतागुंतीचा गट, असे सुमारे २७ टक्के होते. बाकीचे साधे. पाच वर्षांत हृदयामुळे मृत्यू किंवा हृदय बदलावं लागणं, दोन्ही मिळून, गुंतागुंतीच्या गटात १४.७ टक्के आणि साध्या गटात शून्य. गुंतागुंतीच्या गटात पहिल्याच वर्षात हा आकडा ११.३ टक्के झाला होता. सगळ्यांची मिळून सरासरी काढली तर आकडा मधलाच कुठलातरी येतो आणि तो ना या पेशंटचा असतो ना त्या पेशंटचा. म्हणून सरासरी विचारूच नका. इएफ किती आहे, ठोके कसे आहेत, बीपी स्वतःच्या जोरावर टिकतंय की औषधांवर, हे तीन प्रश्न विचारा.

यात एक गट असा आहे ज्याच्याबद्दल डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं मतभेद होते, तो म्हणजे फल्मिनंट, एकदम भडकलेला प्रकार. दोन-तीन दिवसांत माणूस शॉकमध्ये जातो, हातपाय गार, लघवी बंद, बीपी औषधांवर. २००० साली एक अभ्यास आला त्यात फल्मिनंटवाले ११ वर्षांनी ९३ टक्के जिवंत होते, तेही हृदय न बदलता, आणि हळूहळू सुरू झालेल्या ॲक्यूट गटातले फक्त ४५ टक्के. त्यावरून एक समज पसरला की जितका जोरात येतो तितका चांगला जातो, पहिले दिवस काढा, मग सगळं ठीक. पण त्यात फल्मिनंटचे पेशंट होते जेमतेम १५, आणि ज्यांच्याशी तुलना केली ते पंपिंग आधीच ढासळलेले, बायोप्सीपर्यंत पोचलेले लोक होते. २०१७ साली १८७ पेशंटचा अभ्यास आला, त्यात फल्मिनंट ५५, आणि चित्र उलटं निघालं. फल्मिनंट गटातले २५.५ टक्के हॉस्पिटलमध्येच गेले किंवा त्यांना हृदय बदलावं लागलं, फल्मिनंट नसलेल्या गटात असं एकही नाही. वाचलेल्यांचं पंपिंग खूप सुधारलं हे खरं, तरी शेवटच्या तपासणीला २९ टक्के लोकांचा इएफ ५५ च्या खालीच होता. या प्रकारात हृदय परत येऊ शकतं हे मी डोळ्यांनी बघितलंय, पण आपोआप येतं असं समजून कोणी निवांत राहू नये, हृदयाचं काम तात्पुरतं सांभाळणाऱ्या मशीनची सोय असलेल्या ठिकाणी वेळेत पोचणं यावर खूप काही अवलंबून असतं.

इकोमध्ये हा फल्मिनंट प्रकार वेगळाच दिसतो. जुनं थकलेलं हृदय मोठं झालेलं असतं, फुगलेलं, भिंती पातळ. इथे कप्पा फारसा मोठा नसतोच, पण भिंती जाड दिसतात, सुजेने पाणी धरल्यामुळे, आणि त्या जाड भिंती जागच्या जागी थरथरल्यासारख्या जेमतेम हलतात. एका तरुण पेशंटचे इको मी रोज करायचे, एक्मोवर होता, म्हणजे रक्त बाहेर काढून ऑक्सिजन भरून परत आत ढकलणारं मशीन. सुरुवातीला महाधमनीची झडप उघडायचीच नाही, एक्मो मागून ढकलत होतं आणि हृदयात ती झडप उघडण्याएवढाही जोर नव्हता, मॉनिटरवर आर्टरी लाईनची, म्हणजे धमनीतलं बीपी दाखवणारी, रेघ जवळजवळ सपाट. मग एके दिवशी दोन-तीन ठोक्यांआड एकदा ती झडप किंचित उघडताना दिसली, मी नीट खात्री करायला कितीतरी वेळ तिथेच प्रोब धरून बसले. पुढच्या दिवशी दर ठोक्याला उघडायला लागली. भिंतींची जाडी उतरत गेली, एक्मो निघालं. तोच पेशंट पुढे चालत इको रूममध्ये आला तेव्हा इएफ नॉर्मलच्या आसपास होता. तशाच अवस्थेत आलेले आणि झडप कधीच न उघडलेले पेशंटही मी बघितलेत, ते लिहिलं नाही तर हे सगळं अर्धवट राहील.

पंपिंग आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारायचं नावच घेत नाही, किंवा ठोक्यांचे ब्लॉक, म्हणजे ठोक्याचा विजेचा संदेश मध्येच अडकणं, आणि धोक्याचे रिदम सुरू होतात, तेव्हा डॉक्टर बायोप्सीचा विषय काढतात आणि घरचे बिचकतात, हृदयाचा तुकडा काढणार म्हटल्यावर कोणीही बिचकेल. पण त्यामागे ठोस कारण असतं. जायंट सेल नावाचा एक दुर्मिळ प्रकार आहे, तो व्हायरसवाल्यासारखा आपला आपण ओसरत नाही. १९९७ साली ६३ पेशंटची माहिती छापून आली होती, त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न मिळालेले मृत्यूपर्यंत किंवा हृदय बदलेपर्यंत सरासरी ३ महिने टिकले आणि अनेक औषधं एकत्र मिळालेले साधारण १२ महिने. म्हणजे जी औषधं १९९५ च्या ट्रायलमध्ये नेहमीच्या प्रकारात उपयोगी पडली नाहीत तीच इथे पडतात, आणि कुठला प्रकार आहे हे तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही. कॅन्सरच्या इम्युनोथेरपीनंतर, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांनंतर, होणारा मायोकार्डायटिसही असाच घातक, तिथे स्टिरॉईड लगेच सुरू करतात. कोविडच्या एमआरएनए लसीनंतर झालेल्या केसेसची खूप चर्चा झाली, त्या मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये, बहुधा दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत झाल्या आणि बहुतेक सौम्य होत्या.

डिस्चार्जनंतरचा काळ मला जास्त काळजीचा वाटतो. सौम्य प्रकारवाला मुलगा चार-पाच दिवसांत घरी जातो, ट्रोपोनिन उतरलंय, छाती दुखत नाही, इको नॉर्मल, त्याला वाटतं झालं, संपलं. पण सूज एमआरआयवर अजून असू शकते आणि जखमेच्या जागी वण राहू शकतो, आणि हा वण इकोत दिसत नाही, माझ्या मशीनची ती मर्यादाच आहे. एमआरआयवर वण दिसणाऱ्यांचा पुढचा धोका न दिसणाऱ्यांपेक्षा जास्त असतो, त्यातही दोन कप्प्यांमधल्या पडद्यात असेल तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. म्हणून साधारण तीन ते सहा महिने जिम, धावणं, मॅच सगळं बंद असं सांगतात. अलीकडे सौम्य केसमध्ये हा काळ थोडा कमी करायची मोकळीक आलीये, पण ते तपासण्या बघून डॉक्टरांनी ठरवायचं. कॉक्सॅकीचा संसर्ग झालेल्या उंदरांना पोहायला लावलं तर व्हायरस कितीतरी वाढला आणि जास्त उंदीर मेले, असे प्रयोग फार पूर्वी झालेत, आणि तरुण खेळाडूंच्या मैदानावरच्या अचानक मृत्यूंच्या कारणांतही हा आजार आहे. तेव्हा "मला तर काहीच होत नाहीये" हे पळायला सुरुवात करण्याचं कारण होऊ शकत नाही. पुन्हा खेळायच्या आधी इको, २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), स्ट्रेस टेस्ट आणि शक्य असेल तर परत एमआरआय, एवढं व्हायला हवं. अंगदुखीची गोळीही मनाने घेऊ नका, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या या आजारात विचारूनच घ्यायच्या.

अजून एक गोष्ट, जी घरचे बरेचदा सांगत नाहीत कारण त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. काही कुटुंबांमध्ये हृदयाच्या स्नायूच्या जीन्समध्येच दोष असतो, डेस्मोप्लाकिन हे त्यातलं एक नाव, आणि तो दोष पहिल्यांदा दिसतो तो असा, मायोकार्डायटिसच्या रूपात. तेव्हा पेशंटला हे दुसऱ्यांदा झालं असेल, किंवा घरात कोणी तरुण वयात झोपेत, खेळताना अचानक गेलं असेल, कोणाला कमी वयात पेसमेकर किंवा शॉक देणारं मशीन बसवलं असेल, तर विचारायची वाट बघू नका, पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, कारण मग जेनेटिक टेस्टचा विचार होतो आणि पेशंटच्या भावंडांचाही इको आणि ईसीजी करावा लागतो.