होडी सुटेल, बांध
बाबांच्या ऑपरेशनला आज तीन दिवस झाले. सकाळी मला नावाने हाक मारली, चहा मागितला. दुपारी बघते तर सलाइनची नळी बोटांत धरून गाठ मारतायत. "होडी सुटेल, बांध लवकर." बाबा आयुष्यात कधी होडीत बसलेले नाहीत!

माझे पायच गळाले. डॉक्टर म्हणाले, हा डिलिरियम, तात्पुरता भ्रम. तासातासाला कमी-जास्त होतो, हीच त्याची खूण. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असा सकाळ-दुपारच्या मधे उगवत नाही.

रिपोर्टमध्ये ड जीवनसत्त्व ९. २० च्या खाली म्हणजे कमतरता. चोर सापडल्यासारखी मी म्हणाले, मग द्या ना इंजेक्शन! डॉक्टर हसले. ड कमी असलेल्या रुग्णांत डिलिरियम जास्त दिसतो, हे खरं. पण जे थकलेत, उन्हात जात नाहीत, नीट जेवत नाहीत, त्यांचंच ड खालावतं आणि भ्रमही त्यांनाच आधी गाठतो. त्यामुळे एकामुळे दुसरं होतं असं छातीठोक म्हणता येत नाही. कमतरता भरून काढायचीच, हाडांसाठी. पण त्याने भ्रम एका रात्रीत उतरेल ही आशा नको.

"चष्मा कुठाय त्यांचा?" त्यांनी विचारलं.

पिशवीच्या तळाशी. कानाचं यंत्रही तिथेच, तीन दिवस. (मीच 'हरवेल' म्हणून ठेवलेलं.) दोन्ही लावलं, खिडकीचा पडदा सरकवला. संध्याकाळी विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"का, तुला माहीत नाही?"