स्पेनच्या किल्ल्यांत मुक्काम : पारादोरच्या आरक्षणापासून तटावरच्या संध्याकाळपर्यंत माझा अनुभव

किल्ल्यातील हॉटेलात राहण्याचे ठरवले की पहिला प्रश्न देशाचा येतो, आणि भारतीय पासपोर्टधारकांसाठी तो व्हिसाशी जोडलेला असतो. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त मी शोध सुरू केला, तेव्हा सर्वांत आधी आयर्लंडमधील अ‍ॅशफर्ड कॅसल मनात भरला. मूळ वास्तू १२२८ सालची, १९३९ पासून तेथे हॉटेल चालते आणि समोर कॉरिब सरोवर पसरलेले आहे. परंतु एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन गटात आयर्लंड नसल्यामुळे त्याचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो, आणि त्या एका किल्ल्यातच आमचे सगळे अंदाजपत्रक संपले असते. पोर्तुगालमधील ओबिदुशचाही मोह पडला होता. राजा दिनिश याने तेराव्या शतकात हे तटबंदीचे गाव आपली राणी इसाबेल हिला विवाहाची भेट म्हणून दिल्याचे सांगतात, आणि तेथील किल्ल्यात आज हॉटेल आहे. तेथे आम्हाला हव्या असलेल्या तारखांना खोली शिल्लक नव्हती. शेवटी स्पेन नक्की केले, आणि आज मागे वळून पाहताना तीच निवड योग्य होती असे मी ठामपणे म्हणेन.

स्पेनमध्ये जुने किल्ले, मठ आणि वाडे यांत हॉटेले चालवणारी ‘पारादोर’ ही साखळी सरकारी मालकीची आहे. स्पेनचे तेव्हाचे पर्यटन आयुक्त मार्केस दे ला वेगा-इंक्लान यांच्या पुढाकारातून पहिले पारादोर १९२८ साली ग्रेदोसच्या डोंगरात सुरू झाले आणि १९३० साली ओरोपेसा येथील किल्ल्यात ऐतिहासिक वास्तूतले पहिले. आज त्यांची संख्या शंभराच्या जवळपास आहे. ज्या आडगावांत खासगी हॉटेलवाला पैसे गुंतवणार नाही, तेथील पडझड झालेली वास्तू सरकारने दुरुस्त करायची, तिच्यात हॉटेल चालवायचे आणि त्या निमित्ताने गावाला रोजगार मिळवून द्यायचा, असा हा व्यवहार आहे. आलिशान खासगी किल्ल्यांपेक्षा मला तो अधिक जवळचा वाटला.

माझ्या पतींना मात्र तो पटवून द्यावा लागला. ते तरुणपणापासून सह्याद्रीत हिंडलेले आहेत. राजगडावर आणि तोरण्यावर त्यांनी पाठपिशवीतली भाकरी खाऊन रात्री काढल्या आहेत. २०१९ साली राज्यातील सुमारे पंचवीस किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या प्रस्तावावरून महाराष्ट्रात वादंग उठले आणि शिवाजी महाराजांशी संबंधित किल्ले दिले जाणार नाहीत असा खुलासा सरकारला करावा लागला, तेव्हा आमच्या घरात त्या विषयावर कित्येक दिवस बोलणे होत होते. त्यामुळे मी पारादोरची गोष्ट काढताच ते म्हणाले, ‘‘अगं, गडावर जायचं ते माथा टेकवायला. तिथे मऊ गादीवर झोपायचं?’’ मी त्यांना तेरेखोलची आठवण करून दिली. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधलेला आणि १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतलेला तो छोटा किल्ला हॉटेल झाल्यावर लग्नानंतर आम्ही तेथे राहिलो होतो. ‘‘अहो, १९५४ साली सत्याग्रहींनी तिथे तिरंगा कसा फडकवला, ते तुम्ही मला त्याच तटावर बसून सांगितलं होतं,’’ असे मी म्हटले. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एक अट घातली, ती अशी की जो किल्ला मुक्काम न करणाऱ्यालाही पाहता येतो तेथेच राहायचे. अट रास्त होती. मी मनात धरलेल्या दोन किल्ल्यांतल्या हॉटेलांना ई-मेल करून विचारले. मुक्काम नसलेल्या पाहुण्यांनाही उपाहारगृहात बसता येते, चौकात फिरता येते, असे उत्तर आले आणि आमचे एकमत झाले.

मोटार न चालवता पोहोचता येतील असेच हे दोन किल्ले मी निवडले होते. पहिला माद्रिदच्या ईशान्येला असलेल्या सिग्वेन्सा गावातला आणि दुसरा स्पेनच्या ईशान्येकडील कातालोनिया प्रांतातील कार्दोनाचा. प्रत्येक ठिकाणी दोन रात्री घेतल्या, आणि ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांनी यात काटकसर करू नये असे मला मनापासून वाटते. एका रात्रीच्या मुक्कामात संध्याकाळ सामान लावण्यात आणि सकाळ ते आवरण्यात जाते. दिवसभराचे प्रवासी परतल्यानंतरचा किल्ला अनुभवायचा, तर एक तरी पूर्ण दिवस हातात असावा लागतो. शनिवार टाळून रविवार ते गुरुवार या रात्री घेतल्यास दर कमी मिळतात. रद्द करता येणारा दर थोडा महाग पडतो, पण व्हिसा हातात येईपर्यंत तोच घ्यावा.

खोलीच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच विचारून घेतल्या. पारादोरच्या पुष्कळशा साध्या खोल्यांत दोन स्वतंत्र पलंग असतात. जोडप्याला एकच मोठा पलंग हवा असेल, तर ‘कामा दे मात्रिमोनियो’ असे आरक्षणात लिहून घ्यावे लागते. दुसरे म्हणजे, किल्ल्याची दुरुस्ती करताना काही भाग नव्याने बांधलेला असतो, त्यामुळे खिडकी कोणत्या बाजूला उघडते हे विचारणे आवश्यक असते. आतल्या चौकाकडे उघडणारी खोली शांत असते, पण दरीकडे उघडणाऱ्या खोलीतून किल्ल्याचे किल्लेपण कळते. मी दरीकडची मागितली आणि दोन्हीकडे तशीच मिळाली.

व्हिसाच्या कागदपत्रांत मी सर्वाधिक वेळ घातला. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो; प्रौढ व्यक्तीसाठी शुल्क ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला व परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध असलेला असावा लागतो. आमच्या बाबतीत पती निवृत्त असल्याने दोघांचा खर्च मी करणार होते. त्यासाठी तसे पत्र, माझे बँकेचे विवरण, प्राप्तिकर विवरणपत्रे, महाविद्यालयाचे रजामंजुरीचे पत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडला. हॉटेलच्या पुष्टिपत्रावर फक्त माझेच नाव छापून आले होते. दोन्ही हॉटेलांना लिहून पतींचे नावही घालून घेतले, कारण कागदावर मुक्काम दोघांचा दिसला पाहिजे. सोबतच्या पत्रात दिवसवार कार्यक्रम, रेल्वे आणि बसचे मार्ग आणि या दोन किल्ल्यांतच का राहायचे आहे, तेही सविस्तर लिहिले. मुंबईच्या अर्ज-केंद्रात दोघांचे बोटांचे ठसे दिले आणि विहित मुदतीत पासपोर्ट व्हिसासह परत आले.

ऑक्टोबरमध्ये आम्ही माद्रिदच्या चामार्तीन स्थानकातून सिग्वेन्साची गाडी पकडली. अंतर दीड तासाचे आहे, परंतु दिवसात गाड्या मोजक्याच असतात; म्हणून आधी गाडीची वेळ पाहून मगच बाकीचा दिवस आखावा. स्थानक एनारेस नदीकाठी, सखल भागात आहे आणि किल्ला गावाच्या अगदी माथ्यावर. टॅक्सी मिळाली, तरी सामान पुढे पाठवून आम्ही चढ पायी चढलो. वाटेत कॅथीड्रल लागते, मग कमानींचा चौक, आणि तेथून सरळ वर जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला किल्ल्याची भिंत दिसू लागते.

हा किल्ला मूळचा अरबांच्या काळातला. ११२४ साली तो ख्रिस्ती सैन्याने घेतला आणि पुढे शतकानुशतके येथील बिशपांचे निवासस्थान म्हणून वापरात राहिला. १९३६च्या यादवी युद्धात गावावर झालेल्या माऱ्यात त्याचे फार नुकसान झाले, आणि आज आपण पाहतो ते रूप १९७०च्या दशकातील पुनर्बांधणीनंतरचे आहे. जुना दगड कोणता आणि नवा कोणता, हे पतींनी पहिल्याच फेरीत मला दाखवायला सुरुवात केली. ‘‘हा दगड बघ, याच्या कडा अजून झिजलेल्या नाहीत,’’ असे म्हणत ते तटाच्या कडेने हात फिरवत चालले होते, आणि मऊ गादीबद्दलचा आक्षेप त्यांच्या मनातून गेला आहे हे मला तेव्हाच समजले.

खोलीची भिंत इतकी जाड होती की खिडकीच्या कोनाड्यात दोन दगडी बैठका समोरासमोर कोरलेल्या होत्या आणि दोघांचे गुडघे जेमतेम एकमेकांना लागतील एवढीच जागा मध्ये होती. त्या बैठकांवर आम्ही खूप वेळ घालवला. घरी दोघांचे बोलणे स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये ये-जा करत होते. येथे समोर बसण्याशिवाय दुसरे काही करायचेच नव्हते. मुलीचे शिक्षण, त्यांची निवृत्ती, माझी राहिलेली नोकरीची वर्षे, असे कितीतरी विषय, जे आम्ही अर्धवट सोडत आलो होतो, ते त्या कोनाड्यात पूर्ण झाले. रोमँटिक सुट्टी या शब्दांत बहुतेकांना मेणबत्त्या आणि गुलाब दिसतात. आमच्या वयाच्या जोडप्याला ही सलग, विनाव्यत्यय मिळालेली संगतच त्याहून मोलाची वाटते.

या किल्ल्याला एका दुःखी विवाहाचाही इतिहास आहे, आणि तो टाळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. कास्तीयचा राजा पेद्रो पहिला याने १३५३ साली फ्रान्सच्या ब्लान्श दे बूर्बों हिच्याशी विवाह केला आणि काही दिवसांतच तिला सोडून दिले. नंतर तिला ज्या ठिकाणी कैदेत ठेवले त्यांत सिग्वेन्साचा हा किल्लाही होता. १३६१ मध्ये कैदेतच तिचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी कॅथीड्रलमध्ये ‘दोन्सेल’ म्हणून ओळखले जाणारे मार्तीन वास्केस दे आर्से याचे समाधीशिल्प पाहिले. १४८६ साली ग्रानादाच्या युद्धात पडलेला हा तरुण योद्धा कोपरावर रेलून, पाय एकमेकांवर टाकून पुस्तक वाचत आहे असे अलाबास्टर या मऊ, फिकट दगडात घडवले आहे. युद्धात मेलेल्या माणसाला त्याच्या घरच्यांनी पुस्तक हातात देऊन निजवले, या गोष्टीने मी फार हलले.

जेवणाची तयारी शाकाहाऱ्यांनी आधीपासून करावी. स्पेनमध्ये रात्रीचे जेवण साडेआठनंतर सुरू होते, आणि ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर हॅमचे तुकडे ताटात येण्याची शक्यता असते. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ असे तिन्ही शब्द लिहिलेली चिठ्ठी मी जवळ ठेवली होती. सिग्वेन्सामध्ये ‘मिगास’ हा लसूण घालून परतलेल्या पावाच्या चुऱ्याचा पदार्थ एरवी मांसाचे तुकडे घालून करतात. तो आमच्यासाठी त्याशिवाय करून दिला. कार्दोनामध्ये भाजलेल्या वांग्याची आणि मिरचीची ‘एस्कालिवादा’ आली, आणि तिचा पहिला घास घेताच आम्हा दोघांनाही घरचे भरीत आठवले.

कार्दोनाला जाण्यासाठी माद्रिदला परत येऊन बार्सेलोनाची जलद गाडी घेतली आणि तेथून मान्रेसामार्गे बस. हा प्रवास थकवणारा आहे, पण किल्ला दुरून दिसला की त्याचे काही वाटत नाही. टेकडीच्या पायथ्याशी मिठाचा डोंगर आहे. त्याच मिठावर येथील सरदार घराणे श्रीमंत झाले. किल्ल्याच्या आतच १०४० साली पवित्र केलेले सान्त विसेन्सचे चर्च आहे, उघड्या दगडाचे, जवळजवळ काहीही सजावट नसलेले. स्पेनच्या गादीच्या वारसायुद्धात १७१४ साली ११ सप्टेंबरला बार्सेलोना पडले, तरी कार्दोना १८ सप्टेंबरपर्यंत शरण आला नाही. हे ऐकल्यावर पतींनी बुरुजावर जाऊन चपला काढल्या आणि दगडाला हात लावून नमस्कार केला. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध स्पॅनिश जोडप्याने काही न विचारता त्यांच्यासाठी वाट करून दिली.

येथील मिन्योना बुरुजाची दंतकथाही सांगायला हवी. सरदाराची मुलगी अदालेस एका मुस्लिम किल्लेदाराच्या प्रेमात पडली, म्हणून बापाने तिला या बुरुजात कोंडले आणि तेथेच ती मेली, असे सांगतात. ही कथा रात्री ऐकावी की सकाळी, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही ती सकाळी ऐकली आणि नंतर मिठाची खाण पाहायला खाली उतरलो. निघताना बिलात प्रत्येक व्यक्तीमागे प्रत्येक रात्रीचा पर्यटन कर वेगळा लावलेला होता. कातालोनियात तो सर्वत्र द्यावा लागतो, तेव्हा अंदाजपत्रकात धरून ठेवावा.

पारादोर असलेला आलार्कोनचा किल्ला पाहायचा अजून राहिला आहे. हूकार नदीच्या वळणावरचे ते गाव रेल्वेमार्गावर नाही, त्यामुळे भाड्याने मोटार घ्यावी लागेल आणि त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा लागेल. तो एका वर्षासाठी मिळतो. पतींनी अर्ज भरून ठेवला आहे. माझी रजा मंजूर झाली की तो ते दाखल करतील.