तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या मियाटात ऑइल कुठलं टाकायचं?

मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्लेट हातात येते न येते तोच कुणीतरी पार्किंगमधली माझी लाल मियाटा, म्हणजे माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, बघून येतं. पहिला प्रश्न "कुठल्या सालची?", दुसरा "बर्फात काय करतोस?" आणि ज्याच्या स्वतःच्या गराजमध्ये एखादी म्हातारी गाडी पडून आहे त्याचा तिसरा हमखास, "ऑइल कुठलं टाकतोस रे?" दरवर्षी उभ्या उभ्या सांगतो आणि दरवर्षी माझा मसालेभात गार होतो, म्हणून यंदा लिहूनच टाकतोय.

गाडी १९९१ची, माझदाचं १.६ लिटरचं इंजिन, आम्ही राहतो न्यू जर्सीत. थंडीत ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल, उन्हाळ्यात ५डब्ल्यू-४० (आकड्यांचा अर्थ पुढे सांगतो). घाई असेल तर इथेच थांबा.

थांबला नसाल तर माझी चूक ऐका. ही गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाकडे ती दोन वर्षं नुसती उभी होती. सुरू केली की वरून टिकटिक टिकटिक, शिवणयंत्र चालवल्यासारखी. ज्यांच्याकडे पहिल्या पिढीची मियाटा आहे त्यांना हा आवाज ओळखीचा असेल. या इंजिनात व्हॉल्व्हची गॅप हाताने सेट करायची नसते, ते काम हायड्रॉलिक लिफ्टर करतात, म्हणजे छोट्या वाट्या, त्यांच्या पोटात ऑइलच्या प्रेशरने तेल भरतं आणि गॅप आपोआप नाहीशी होते. भोकं बारीक, त्यात जुन्या ऑइलचा चिकटा बसला किंवा हवा अडकली की वाटी भरत नाही आणि ती वाजते. (१९९९च्या मॉडेलपासून माझदाने साधे सॉलिड लिफ्टर दिले, तिथे ही टिकटिक नाही, पण मग गॅप मोजत बसा.)

इथल्या एका मेकॅनिकने बॉनेट न उघडताच सांगितलं, "जुनी आहे, जाड ऑइल टाका." कोल्हापूरला बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "२०-५० वत की, आपल्या बुलेटला काय वततोय?" दोन जाणती माणसं एकच सांगतायत म्हटल्यावर मी लगेच पाच क्वार्टचा (क्वार्ट म्हणजे साधारण लिटरभर) कॅन आणून २०डब्ल्यू-५० भरलं. सप्टेंबर होता, हवा छान, ऑइल प्रेशरचा काटा आधीपेक्षा जरा वर, आवाजही थोडा कमी वाटला, मी खूश.

नोव्हेंबरात एक दिवस सकाळी शून्य डिग्री सेल्सियसच्या आसपास गाडी सुरू केली. प्रेशरचा काटा वर जाऊन टेकला आणि टिकटिक मात्र आधी चार-पाच सेकंद असायची ती गल्लीच्या टोकापर्यंत गेलो तरी चालूच. मी गाडीत बसून विचार करतोय, प्रेशर एवढं आहे आणि लिफ्टर उपाशी कसे?

तर घोळ असा की प्रेशरचा काटा तेल किती वाहतंय ते दाखवतच नाही, वाहायला किती अडथळा होतोय ते दाखवतो. काकवी थंडीत बाटलीतून ओतून बघा, जोर भरपूर लागतो, पडतं थेंब थेंब. पंपाने ठराविक प्रेशर गाठलं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा तेल वर न जाता पंपाकडेच परत फिरतं. म्हणजे माझा काटा वर होता याचा अर्थच तेल वर पोचायला त्रास होत होता. आणि एक, या गाडीत १९९४पर्यंतच खरा प्रेशर गेज आहे, १९९५पासून माझदाने तिथे नुसता दिखाऊ काटा बसवला, प्रेशर थोडंफार असलं की तो मधे जाऊन उभा राहतो. तुमची १९९६ची असेल तर त्या काट्याकडे बघून ऑइलचा ग्रेड ठरवू नका.

आता ते आकडे. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे, लोकांना वाटतं ०डब्ल्यू-४० म्हणजे पाणी. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा फक्त थंडीतल्या वागण्याचा: २०डब्ल्यूची स्टार्टिंगची टेस्ट उणे १५ डिग्रीला होते, ५डब्ल्यूची उणे ३०ला, ०डब्ल्यूची उणे ३५ला. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा, १०० डिग्रीला मोजलेला. ३० असेल तर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे जाडी मोजायचं माप), ४० असेल तर १२.५ ते १६.३, ५० असेल तर १६.३ ते २१.९. म्हणजे तापलेल्या इंजिनात ते "पाणी" १०डब्ल्यू-३०पेक्षा जाडच असतं. आणि गार असताना कुठलंच ऑइल पातळ नसतं, साधं ५डब्ल्यू-३० सुद्धा ४० डिग्रीला १००च्या मानाने पाच-सहापट घट्ट असतं. टेम्परेचरचा काटा मधे आला म्हणून लोक गाडी पिळायला लागतात, तो काटा पाण्याचा असतो, ऑइल त्याच्या बऱ्याच मागून तापतं. माझं ऐकाल तर ग्रेडवर वाद घालण्यापेक्षा पहिली दहा मिनिटं गाडी सबुरीने चालवा, इंजिनाचं भलं त्यात जास्त आहे.

मग उन्हाळ्यात ४० का? कारण जुलैत मी मिलव्हिलच्या रेसट्रॅकवर वर्षातून एकदा जातो. वीस मिनिटं सतत वरच्या आरपीएमला पळवल्यावर ऑइल १२०च्या पुढे जातं आणि तेव्हा ३० नंबरचं जरा जास्तच सैल पडतं, पिटमध्ये आयडलला आलो की काटा खाली लोळतो. ४० टाकल्यावर तो बराच सावरला. ट्रॅकवर जात नसाल, फक्त रविवारी कॉफी प्यायला गाडी काढत असाल तर वर्षभर ५डब्ल्यू-३० ठेवा, काही बिघडत नाही.

एक मित्र म्हणाला, बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम३मध्ये १०डब्ल्यू-६० टाकतात, स्पोर्ट्स कारला तेच लागतं, मीही टाकतो. अरे बाबा, बीएमडब्ल्यूने ते त्या आठ हजार आरपीएमच्या इंजिनासाठी सांगितलंय, तुझ्या माझदाच्या बेअरिंगमधली जागा वेगळी, पंप वेगळा. शेजाऱ्याचा चष्मा भारी फ्रेमचा आहे म्हणून तो आपण लावत नाही.

आणि झीज कमी व्हावी म्हणून ऑइलमध्ये घालतात त्या झिंकचं विचाराल, तर तो प्रश्न जाडीचा नाहीच. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारखं फ्लॅट टॅपेटवालं, म्हणजे जिथे कॅम सपाट टॅपेटवर घासत फिरतो तसलं इंजिन असेल तर डब्यावरचा ग्रेड बघण्याआधी त्यात झिंक-फॉस्फरस किती ते बघा, कारण हल्लीच्या ३० आणि त्याहून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची मर्यादा असते.

टिकटिकीचं पुढे काय झालं? २०डब्ल्यू-५० काढलं, डिझेलच्या गाड्यांना चालतं तसलं जास्त डिटर्जंटवालं ५डब्ल्यू-४० टाकलं, हजार मैलांवर काढलं तर काळंकुट्ट, परत नवीन टाकलं. तिसऱ्या वेळेपर्यंत टिकटिक दोन सेकंदांवर आली. ग्रेड बदलल्याने गेली की आतला चिकटा धुतला गेल्याने, छातीठोक नाही सांगत, माझा कल चिकट्याकडे आहे. दर वेळी इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेला तो फिल्टर खालून हात घालून काढायचा आणि तेल कोपरापर्यंत ओघळू द्यायचं, त्या सुखाबद्दल बोलत नाही.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग माझी बुलेट बरी चाललीय की." बरोबरच आहे, कोल्हापुरात थंडी कितीशी पडते आणि ते एअरकूल्ड इंजिन तापतं किती, तिथे २०-५०च योग्य. माझ्या गराजमध्ये त्या कॅनमधलं दीड क्वार्ट अजून आहे, फाटकाच्या बिजागऱ्यांना घालतो. इकडे कुणाकडे बुलेट असेल तर घेऊन जा.