एम-फोरचे तीन नट

आमचा एक पेटंटचा अर्ज गेल्या महिन्यात पडला. पडला म्हणजे पेटंट कायद्याच्या सेक्शन १५ खाली कंट्रोलरने (अर्जावर निकाल देणारा अधिकारी) रिफ्यूज केला, आणि खरं सांगायचं तर ऑर्डर वाचताना राग यायच्या ऐवजी मला लाजच वाटली, कारण त्यातलं एकही वाक्य खोडता येत नव्हतं. ड्राफ्टिंग, म्हणजे अर्जाचं लिखाण, माझंच होतं.

क्लायंट भोसरी एमआयडीसीतले. प्लाझ्मा स्प्रेचं जॉबवर्क करतात, म्हणजे पावडर वितळवून गनने धातूवर फवारायची, पंपाचे शाफ्ट, स्लीव्ह, रोलर असली कामं, आणि चारेक वर्षांपासून डिझेल इंजिनच्या ॲल्युमिनियम पिस्टनच्या डोक्यावर सिरॅमिकचा थर. शेठ (सगळे शेठच म्हणतात, मीपण) एक दिवस फोन करून म्हणाले, मॅडम, पुढच्या महिन्यात एक्झिबिशन आहे, ब्रोशरवर 'पेटंट पेंडिंग' टाकायचंय, तेवढं करून द्या. मी तेवढं करून दिलं. इथूनच घोळ.

आता हे कोटिंग काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. धातू तापतो, फार तापला की मऊ पडतो, म्हणून त्याच्यावर झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा पातळ थर द्यायचा, पाव मिलिमीटर वगैरे. झिर्कोनिया वितळतो २७०० डिग्रीच्या आसपास आणि उष्णता जाऊ देण्यात एकदम कंजूष, म्हणून जेट इंजिनच्या टर्बाइन ब्लेडवर हाच असतो. आता होतं काय, की शुद्ध झिर्कोनिया ११७० डिग्रीच्या आसपास आपली आतली रचना बदलतो, गार होताना तीन ते पाच टक्के फुगतो आणि तडकतो. त्याला जागेवर बसवायला यिट्रिया (यिट्रियमचा ऑक्साइड) घालतात. किती घालायचा? नासाच्या क्लीव्हलँडच्या लॅबमध्ये स्टेपन स्टेकुरा नावाच्या माणसाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वेगवेगळं प्रमाण घेऊन तापव-गार कर तापव-गार कर केलं आणि वजनाने सहा ते आठ टक्क्यांना सगळ्यात जास्त टिकतो हे दाखवलं. अजूनही दुकानात पावडर मागायला गेलात तर सात-आठ टक्केवालीच मिळते. म्हणजे तुम्ही क्लेममध्ये (अर्जात 'एवढं माझं' असं सांगणारा भाग) 'सहा ते नऊ टक्के यिट्रिया' लिहिलंत तर अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरला सर्च करायला चहा संपायच्या आत उत्तर मिळतं.

मी काय लिहिलं होतं? सहा ते नऊ टक्के यिट्रिया. खाली निकेल-क्रोम-ॲल्युमिनियमचा बाँड कोट (सिरॅमिक धरून ठेवणारा मधला थर) ७५ ते १५० मायक्रॉन, वर सिरॅमिक २०० ते ४०० मायक्रॉन. झालं.

एफइआर, म्हणजे एक्झामिनरचा पहिला तपासणी अहवाल, आला तेव्हा त्यात आमच्या आधीची, आमच्याविरुद्ध दाखवलेली तीन डॉक्युमेंट होती. डी-वन म्हणजे साधं सात टक्केवालं कोटिंग. डी-थ्री पिस्टनचं. आणि मधलं डी-टू मला ओळखीचं होतं, १९९१ चं अमेरिकन पेटंट, उभ्या भेगांचं. ही कल्पना मला कॉलेजपासून आवडते. कोटिंगमध्ये मुद्दाम उभ्या भेगा पाडायच्या, इंचाला वीसेक तरी, म्हणजे खालचा धातू ताणला गेला की थर त्या भेगांत थोडा उघडतो, मिटतो, पण सुटत नाही. आडवी भेग वाईट, उभी चांगली. ओल धरलेल्या भिंतीचे पोपडे कसे आडवे सुटतात ते आठवा, तेच टाळायचं असतं.

शेठना मी डी-टूबद्दल सांगितलं तर ते खूश. म्हणाले अहो मॅडम, त्याची तर मुदत संपली ना, मग आपल्याला काय त्रास? हा गैरसमज मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो म्हणून इथे लिहून टाकते. पेटंटची मुदत संपली म्हणजे ते तुम्ही बिनधास्त वापरू शकता, पण तेच तुम्हाला तुमच्या नावावर मिळू शकत नाही. छापलेलं ते छापलेलं. शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी प्रायर आर्टच, म्हणजे आधीच माहीत असलेलं.

एफइआरच्या उत्तराला सहा महिने असतात, आम्ही पाचव्या महिन्यात दिलं. मी मुद्दा मांडला की बाबा टर्बाइनचं आणि पिस्टनचं दुखणं वेगळं आहे. टर्बाइनला बाँड कोटवर ॲल्युमिनाची साय धरत जाते आणि ती जाड झाली की वरचं सगळं सुटतं. पिस्टनला तेवढी उष्णताच नाही, तिथे प्रॉब्लेम हा की ॲल्युमिनियम तापल्यावर झिर्कोनियाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. हे खरं आहे. मला वाटलं चांगलं लिहिलंय.

हिअरिंग व्हिडिओ कॉलवर होतं. पूर्वी ह्यासाठी पहाटे उठून मुंबईला अँटॉप हिलच्या ऑफिसात जावं लागायचं, आता कोथरूडच्या घरात वरून ब्लेझर आणि खाली पायजमा. कंट्रोलर शांत माणूस. माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, मॅडम, ते दुखणं वेगळं हे मान्य, पण त्या दुखण्यावर तुमचं औषध काय वेगळं? ३०० मायक्रॉनला फायदा होतो म्हणता, मग १५० ला काय झालं, ५०० ला काय झालं, हे स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या तपशीलवार वर्णनात) कुठे आहे?

नव्हतंच. टेबलमध्ये तीन सँपल, तिन्ही पास. नापास कोणीच नाही. आणि जिथे कोणीच नापास नाही तिथे तुमच्या आकड्याला काही अर्थ आहे हे कशावरून समजायचं? हे मी ज्युनिअर पोरांना स्वतः शिकवते हो. पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं ते दिलं, पण त्यात जीव नव्हता.

ऑर्डरमध्ये सुप्रीम कोर्टाचा तो जुना निकाल होता, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, १९७८ चा. पेटंटवाल्यांना पाठ असतो. केस भांड्यांची होती, मिर्झापूरची फर्म, लेथवर भांडं धरून ठेवायच्या पद्धतीवर पेटंट, आणि कोर्टाने सांगितलं की नुसती वर्कशॉपमधली सुधारणा म्हणजे शोध नाही, त्याच्या पुढचं काहीतरी पाहिजे. लेथवर पितळेची भांडी फिरवणारे कारागीर आणि त्यांच्यावरून ठरलेली कसोटी आता जेट इंजिनच्या कोटिंगलाही लागते, मला ह्याची कायम गंमत वाटते. ह्यावेळी नाही वाटली.

ऑर्डर द्यायला मी स्वतः भोसरीला गेले. गुरुवार होता, एमआयडीसी बंद, लांडेवाडीपासून रस्ता मोकळा. शॉपमध्ये फक्त शेठ आणि मामा. मामा म्हणजे गन चालवणारे, सातारकडचे, सतरा वर्षं तिथेच. मी ऑर्डर समजावत होते की थर कडेला कुठे सुटतो वगैरे काही वेगळं आपल्याकडे असतं तर लढता आलं असतं. मामा मागे उभे होते, म्हणाले, "ताई, कडेला सुटायचं. आता नाय सुटत."

मी म्हटलं म्हणजे?

त्यांनी कपाटाखालून एक मास्क काढला, जिथे कोटिंग नको तिथे झाकायचा. दोन एमएमचा लोखंडी पत्रा, गोल कापलेला, पावडर बसून बसून पांढरा पडलेला. पिस्टनच्या डोक्यावरचा जो खड्डा असतो ना, त्याच्या काठावर कोटिंग संपतं, आणि तिथेच पहिला पोपडा सुटतो कारण जाड थर एकदम कड्यासारखा तुटतो आणि सगळा ताण त्या टोकाला येतो. नेहमीचा मास्क पिस्टनला चिकटून बसतो म्हणून तो कडा तयार होतो. मामांनी मास्कच्या खाली तीन नट वेल्ड केले होते. एम-फोरचे, चार एमएमच्या बोल्टला लागतात ते. म्हणजे मास्क तीनेक मिलिमीटर वर तरंगतो, गनची पावडर त्याच्या खाली थोडी शिरते, आणि थर कड्याऐवजी उतारासारखा पातळ होत होत शून्याला जातो. शेताच्या बांधाला ढाळ देतात तसा, हे त्यांचंच.

"एम-सिक्स लावून बघितले व्हते. पावडर लई आत जाते, मग नंतर घासत बसा. आन् नट काढून बघितलं तर बादलीत तिसऱ्या का चौथ्या टायमाला सुटतं."

बादली म्हणजे त्यांची टेस्ट. पीस भट्टीत ३५० डिग्रीला तापवायचा आणि पाण्याच्या बादलीत टाकायचा, सुटेपर्यंत मोजायचं. भट्टीच्या मागच्या भिंतीवर खडूने रेघा होत्या, वर तारखा. नट नाही: चार रेघा. एम-फोर: मी मोजल्या, एकतीस, आणि पुढे बाण काढून 'चालू'.

म्हणजे कंट्रोलरला जे टेबल पाहिजे होतं, नापास झालेल्या सँपलसकट, ते भिंतीवर होतं. मी प्रोव्हिजनल (कच्चा अर्ज) टाकल्यावर कम्प्लीट (पूर्ण स्पेसिफिकेशन) द्यायला बारा महिने मिळाले होते, त्या बारा महिन्यांत मी तीन वेळा ह्या शॉपमध्ये येऊन गेले, तिन्ही वेळा शेठच्या एसी केबिनमध्ये चहा पिऊन परत. गनजवळ गेले नाही. आणि आता ते त्या अर्जात घालता येत नव्हतं, रिफ्यूज झाला नसता तरी नाही, कारण सेक्शन ५९ प्रमाणे दुरुस्ती म्हणजे क्लेम कमी करणं, चूक सुधारणं, खुलासा करणं. मूळ कागदात नाही ते आणता येत नाही.

मग नवीन अर्ज. त्यातही पाचर आहेच. शेठनी मार्चमध्ये त्या उताराचे चाळीस पिस्टन एका गिऱ्हाइकाला दिले आहेत, आणि उतार डोळ्याने दिसतो, भिंग पण नको. विकून झालेल्या मालावर नंतर पेटंट मागायला आपल्याकडे अमेरिकेसारखी वर्षभराची सरसकट सवलत नाही. त्यामुळे पिस्टनवर क्लेम घेण्यात धोका. पण मास्क किती वर, गन किती लांब, कुठल्या कोनात, हे तयार पिस्टनकडे बघून कोणाला कळत नाही. म्हणून पद्धतीवर क्लेम. हेही 'वर्कशॉपमधली सुधारणा' म्हणून उडू शकतं, मी शेठना तसं स्पष्ट सांगितलंय, आणि ह्यावेळी आधी नीट सर्च, मग फी. पण चार विरुद्ध एकतीस हातात असताना भांडायला तरी मजा येईल.

मी तिथेच डब्यावर बसून मामांना तासभर प्रश्न विचारले. दोन नट का नाही (हलतो). पत्रा जाड का नाही (जड होतो, बसवायला वेळ). गनमधला हायड्रोजन वाढवला तर? गनचं अंतर? प्रत्येकाला उत्तर होतं आणि बहुतेक उत्तरांना एक फसलेला पिस्टन होता, तो पण कोपऱ्यातल्या क्रेटमध्ये ठेवलेला. मी सगळे फोटो काढले, भिंतीचे तर दहा.

शेवटी फॉर्मसाठी मामांचं आधारवरचं पूर्ण नाव मागितलं. ते म्हणाले माझं कशाला, शेठचं टाका. शेठपण म्हणाले हो हो, कंपनीचंच टाका. तर ते तसं चालत नाही. अर्जदार कंपनी असू शकते, पण इन्व्हेंटर म्हणून ज्याने केलं त्याचंच नाव जातं, आणि मामांनी आपला हक्क कंपनीला लिहून दिला तरच कंपनीला अर्ज करता येतो. म्हणजे मामांची सही लागणारच.

मामांनी हे नीट ऐकलं, रुमालाने हात पुसले आणि मला विचारलं, "मंग ताई, ह्याच्यात पगाराचं काय आसतंय का?"

मी शेठकडे बघितलं. शेठ म्हणाले, चहा सांगतो.