थर, तीन अक्षरी

रात्री, जेवणानंतर.

आजच्या शब्दकोड्यात सात आडवा: ‘थर’. तीन अक्षरी. बस्स, एवढंच! असा क्लू दिला की कोडं रचणारा आळशी आहे असं मी समजते. पदर, अस्तर, पोपडा, तवंग, मुलामा, गिलावा, खपली, कल्हई... सगळे तीन घरांत बसतात आणि सगळे थरच. पण कशावरचा थर, हे सांगितल्याशिवाय यातला कुठला निवडायचा? भिंतीवर चढतो तो गिलावा आणि तिथून सुटतो तो पोपडा. तेलाचा असेल तर तवंग, जखमेवरची खपली. मुलामा बाहेरून देतात, अस्तर आतून लावतात. भांड्याची कल्हईही आतूनच. ‘वरून’ की ‘आतून’ एवढं लिहिलं असतं तरी निम्मे शब्द गळाले असते.

शेवटी उभ्या शब्दानं वाट दाखवली. ‘झोप, दोन अक्षरी’ म्हणजे निद्रा, आणि तिचा ‘द्रा’ सात आडव्याच्या शेवटच्या घरात. मग पापुद्रा सोडून दुसरं काय येणार! आपल्या कोड्यांत जोडाक्षर एकाच घरात मावतं, काना-वेलांटीसकट, त्यामुळे असं एक अवघड घर भरलं की बाकीचे उमेदवार आपोआप बाद होतात. तवंगाच्या मधल्या घरातला ‘वं’ही असाच. त्यातून वंशज किंवा वंचित उतरू शकतात, वरण नाही.

वातावरणाच्या थरांनी मात्र कायम छळलंय. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर. तिन्ही चार अक्षरी, तिन्हींच्या शेवटी ‘बर’. ती दोन घरं भरून हाती काहीच लागत नाही. इथे क्लूच चोख हवा. ढग-पाऊस म्हटलं की तपांबर, ओझोन म्हटलं की स्थितांबर, बहुतेक उल्का जळून जातात ते मध्यांबर. नुसतं ‘वातावरणाचा थर’ लिहिणाऱ्याला काय म्हणावं? आयनांबर बिचारं पाच अक्षरी, म्हणून लगेच सापडतं. जमिनीखाली त्यामानाने सुख आहे. भूकवच आणि प्रावरण दोन्ही चार घरांचे असले तरी एकमेकांशी जुळणारं एकही घर नाही, आणि गाभा दोनच अक्षरांत आटोपतो.

इंग्रजी कोड्यांत याच थराची एक जुनी खोडी आहे. क्लू ‘लेयर’, उत्तर ‘हेन’. अंडी घालणारी तीही लेयरच! १९१३ साली आर्थर विनचं पहिलं कोडं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा क्लू बहुतेक सरळ अर्थाचे होते. शब्दाला असं फिरवून चकवणं पुढे ब्रिटनमध्ये फोफावलं. मला हा चकवा आळशी क्लूपेक्षा कितीतरी बरा वाटतो. फसवतो, पण उत्तर मिळालं की तक्रारीला जागा ठेवत नाही.

मग मराठीत असा एखादा जमतो का, म्हणून बसले. ‘मोडला तर खर्च, पसरला तर याचना, नाहीतर नुसता थर. तीन अक्षरी.’ उत्तर पदर. वहीत लिहून ठेवलाय, पण ‘नुसता थर’ खटकतंय. तेवढ्यानं उत्तर फारच उघडं पडतं. ते काढून टाकलं तर थराचा अर्थच जातो. उद्या पुन्हा बघते.